नारोशंकराची घंटा आणि मामांचा कान

आमच्या पुणतांब्यात अंतर सांगण्याच्या दोन रीती आहेत. रस्त्याचे अंतर किलोमीटरात सांगतात. माणसामाणसांतले अंतर मात्र अजून हाकेने सांगतात. “कुठं राहतो तो?” “हा काय, हाकेवर!” हाकेवर म्हणजे किती पावलांवर, हे कोणी विचारीत नाही. हाक मारणाऱ्याला ते ठाऊक असते आणि ऐकणाऱ्यालाही.

गोदावरीच्या घाटावर पहाटे उभे राहिले, तर पलीकडच्या काठावरची साद पाण्यावरून चालत आल्यासारखी स्पष्ट येते. भर दुपारी त्याच माणसाने त्याच जोराने घातलेली साद मध्येच कुठे तरी बुडून जाते. लहानपणी मला वाटे, पहाटे नदीला झोप लागलेली असते म्हणून ती आवाज अडवीत नाही. खरे कारण हवेत आहे. पहाटे पाण्याजवळची हवा गार आणि वरची ऊबदार असते, त्यामुळे वर निघालेला आवाज पुन्हा खाली वाकतो. दुपारी हेच उलटे होते आणि आवाज आकाशाकडे निघून जातो.

आपल्या वाडवडिलांनी तर रस्तासुद्धा आवाजाने मोजला. संस्कृतातला ‘क्रोश’ हा शब्द मुळात आरोळीचा. आरोळी जिथवर पोचते तेवढे अंतर म्हणजे क्रोश, आणि त्याचाच पुढे आपला ‘कोस’ झाला. आवाजाने वाट मोजता येते, हे ठीक. पण खुद्द आवाज कशाने मोजायचा? हा प्रश्न माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या मास्तराला पडण्याचे काही कारण नव्हते. तो पडला गेल्या दिवाळीत, एका ताटावरून.

भाऊबिजेला माझे मामा नाशकाहून आमच्याकडे येतात. मनमाडला गाडी बदलायची, पुणतांब्याला उतरायचे, हा त्यांचा अनेक वर्षांचा नेम. मामा तांबट. सारा जन्म तांब्याचे हंडे, घागरी, बंब ठोकण्यात गेला. आता वय पंच्याहत्तरीचे. गेल्या भाऊबिजेला ते पाटावर बसले होते. आई निरांजन लावता लावता म्हणाली, “दादा, ते ताट द्या इकडं.” मामा उठले, त्यांनी बुडाखालचा पाट उचलला आणि आईच्या हातात दिला. घरात हशा पिकला. मामाही हसले, पण मग बराच वेळ गप्प बसून राहिले.

तेवढ्यात अंगणात पोरांनी सुतळी बॉम्ब लावला. तो फुटताच मामांनी दोन्ही कान गच्च धरले. चेहरा असा झाला, की कुणी कानात सळई घातली असावी. माझा मुलगा म्हणाला, “बाबा, मामाआजोबांना सोयीचं तेवढं बरोब्बर ऐकू येतं!” मी त्याला रागे भरणार होतो, पण जीभ अडली. हे वाक्य त्याचे नव्हते, माझेच होते. मामा हळू बोललेले ऐकत नाहीत आणि मोठ्याने बोलले की “ओरडतोस कशाला?” म्हणून चिडतात, हे मी घरात अनेकदा बोलून दाखविले होते. बहिऱ्या माणसाला बॉम्ब आमच्यापेक्षा जास्त का लागावा? या प्रश्नाच्या मागे मी जो निघालो तो थेट नारोशंकराच्या घंटेपाशी जाऊन थांबलो.

नाशकाला गेलेल्या वाचकांनी पंचवटीतले ते देऊळ पाहिलेच असेल. 1739 साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई जिंकून घेतली. त्या विजयाची खूण म्हणून तिकडच्या घंटा मराठी सरदारांनी आपापल्या देवळांत आणून टांगल्या. भीमाशंकरला अशी घंटा आहे, वाईजवळच्या मेणवलीला आहे. पण सर्वांत बोलबाला झाला तो नाशकातल्या घंटेचा. सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी 1747 मध्ये गोदाकाठी रामेश्वराचे देऊळ बांधले आणि दर्शनी भागी ही घंटा लावली. तिच्यावर 1721 हे साल आहे. तिचा नाद कित्येक कोसांवर जात असे, असे जुनी माणसे सांगत. पुढे कुणाचा आवाज फारच मोठा असला, की ‘ही नारोशंकराची घंटा’ असे म्हणण्याची रीत पडली.

लहानपणी मामांचे बोट धरून मी ती प्रथम पाहिली. “मामा, हिचा आवाज केवढा?” असे मी विचारले. ते म्हणाले, “तू इथून चालू लाग. ऐकू येईनासा झाला की थांब. तेवढा!” मला ते उत्तर तेव्हा थट्टेचे वाटले. आज वाटते, आवाजाचे पहिले माप नेमके हेच होते. जवळच गोदापात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. पुराचे पाणी किती, हे नाशिककर अजूनही मारुतीच्या गुडघ्यावर, कमरेवर, छातीवर सांगतात. तसाच आवाज माणसाच्या कानावर मोजायचा. माप सोपे, पण पहाटेची नदी आणि दुपारची नदी त्याला एका तासात खोटे पाडतात. वारा फिरला की घंटेचा कोस दीड कोसाचा होतो.

आपल्याकडे आवाजाचा विचार झाला नव्हता, असे मात्र नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या दरबारी शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात दोन वीणा घेऊन, एकीच्या तारा स्थिर ठेवून आणि दुसरीच्या पायरीपायरीने उतरवून बावीस श्रुती पारखण्याची रीत सांगितली आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी याच श्रुतींचा पाठपुरावा केला, गवयांचे स्वर मोजून पाहिले आणि 1910 साली आपले इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. पण हे सारे स्वराच्या उंचीचे मोजमाप झाले. सेकंदाला कंपने किती, यावर उंची ठरते. कंपनांचा जोर किती आणि तो कानाला केवढा वाटतो, हे वेगळे प्रकरण. षड्ज कुजबुजून लावला काय अन् गर्जून लावला काय, तो षड्जच!

जोराचे मोजमाप अवघड का? कारण आपला कान पराकोटीचा नाजूक आहे आणि पराकोटीचा सोशिकही आहे. अगदी क्षीण आवाजाने कानाचा पडदा अणूच्या रुंदीहूनही कमी हलतो, आणि तरी आपल्याला ऐकू येते. त्या क्षीण आवाजाची शक्ती एक धरली, तर कान दुखविणाऱ्या आवाजाची शक्ती एक लाख कोटी भरते. एकावर बारा शून्ये! एवढ्या अंतराला पुरेल अशी पट्टी आणायची कोठून?

ती वाट दोन जर्मन पंडितांनी दाखविली. 1834 साली वेबरने माणसांच्या हातावर वजने ठेवून पाहिली. त्याला आढळले, की हलक्या वजनात थोडी भर पडली तरी कळते. भारी वजनात तेवढीच भर घातली तर कळत नाही, तिथे भरही त्याच प्रमाणात मोठी लागते. पुढे फेक्नर नावाच्या त्याच्या सहकाऱ्याला 22 ऑक्टोबर 1850 च्या सकाळी अंथरुणात पडल्यापडल्या सुचले, की मनाच्या मोजणीचा हा कायदाच असला पाहिजे: बाहेरचे जग गुणाकाराने वाढते, तेव्हा मनातले बेरजेने वाढते. त्याने 1860 मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला.

यासाठी ग्रंथ वाचायला नको, दिवाळीची पणती पुरे. अंधाऱ्या खोलीत एक पणती लावा, खोली उजळते. दुसरी लावा, फरक कळतो. पण शंभर पणत्यांच्या आराशीत आणखी एक ठेवली, तर ठेवणाऱ्याखेरीज कोणाला पत्ता लागेल? कानाचेही असेच आहे.

टेलिफोनच्या तारांतून जाताना आवाज किती उणावतो, हे मोजण्यासाठी अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीच्या इंजिनियरांनी 1924 च्या सुमारास गुणाकाराच्या याच हिशोबाचे एक परिमाण घेतले. चार वर्षांनी त्याला डेसिबल हे नाव मिळाले, टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल याच्यावरून. बेल म्हणजे घंटा, हा निव्वळ योगायोग. पण या नावात दुसरी एक गोष्ट आहे, ती मला अधिक जवळची वाटते. बेल हा मुळात बहिऱ्या मुलांचा मास्तर होता. त्याच्या आईला ऐकू येत नसे, बायकोलाही ऐकू येत नसे. जगातला सारा गोंगाट आज ज्याच्या नावाने मोजला जातो, त्याच्या घरातल्या दोन जिवलग बायका निःशब्दात राहत होत्या.

डेसिबलचा हिशोब आपल्या बेरजेसारखा नाही, म्हणून माणसे फसतात. 10 डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती दसपट, 20 वाढले की शंभरपट, 30 वाढले की हजारपट. एक ढोल 90 डेसिबलचा असला, तर शेजारी तसाच दुसरा वाजल्यावर 180 होत नाहीत, 93 होतात. आणि कानाला? हार्वर्डच्या स्टीव्हन्सने 1930 च्या दशकात माणसांनाच विचारून ठरविले, की साधारणपणे 10 डेसिबल वाढले की आवाज दुप्पट वाटतो. म्हणजे आवाज दुप्पट वाटायला शक्ती दसपट खर्च होते. ‘अवघे दहाच तर वाढले’ असे म्हणणारा दुकानदार किंवा मंडळवाला काय म्हणतो आहे, हे यावरून ध्यानात यावे.

दुसरी चूक शून्याची. शून्य डेसिबल म्हणजे शांतता नव्हे. तरुण, निरोगी कानाला जेमतेम ऐकू येतो, तो आवाज शून्य मानला आहे. आमच्या गावी चांगदेवांची समाधी आहे. चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरे पत्र धाडले, ही कथा मुलांना सांगताना मी नेहमी म्हणतो, कोऱ्या कागदात काहीच नव्हते असे नाही. वाचणारा डोळा हवा होता. शून्य डेसिबलचेही तसेच. तिथेही काही असते. ऐकणारा कान हवा.

तेव्हा यंत्र तयार झाले. पण यंत्राला कान नव्हता. माणसाचा कान सर्व स्वर सारखे घेत नाही. सेकंदाला तीन-चार हजार कंपनांचे बारीक, धारदार आवाज तो चटकन टिपतो. भरदार, खर्जाचे आवाज त्याला क्षीण असतील तर ऐकूच येत नाहीत. जर्मनीत बार्कहाउझेनने सेकंदाला हजार कंपनांचा ठरावीक सूर प्रमाण धरून इतर आवाज त्याच्याशी ताडून पाहण्याची रीत आणली. त्यातून ‘फोन’ हे मोठेपणाचे माप निघाले. 1933 मध्ये अमेरिकेत फ्लेचर आणि मन्सन यांनी माणसांच्या कानांना श्रवणयंत्रे लावली, हा सूर आणि तो सूर सारखा वाटतो तेव्हा सांगा, असे विचारीत विचारीत आलेख काढले. एवढ्या शास्त्रीय यंत्राच्या पोटात शेवटी माणसांचे मतच आहे, हे वाचून मला फार बरे वाटले. मामांचे ‘ऐकू येईनासा झाला की थांब’ काही इतके अडाणी नव्हते!

या आलेखांवरून यंत्रात एक गाळणी बसविली, तिला ‘ए’ म्हणतात. ती कानाप्रमाणे खर्जाचा जोर कमी धरते. सेकंदाला 50 कंपनांचा आवाज असेल, तर ती त्यातून सुमारे 30 डेसिबल वजा करते. मात्र ही सूट मंद आवाजांच्या आलेखावरून घेतलेली आहे. आवाज प्रचंड झाला, की आपला कान खर्जाला एवढी सूट देत नाही. त्यामुळे मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या कर्ण्यांतून 110 डेसिबलचा खर्जाचा ठोका निघतो, छातीत धडका बसतात, खिडक्यांची तावदाने हलतात, आणि ‘ए’ गाळणीचे यंत्र त्या ठोक्यापुरते बिचारे 80 दाखविते. यंत्र खोटे बोलत नाही. पण आपण त्याला कोणता प्रश्न विचारला, हे लक्षात ठेवावे लागते.

मोजमाप हाती आले तशी माणसे गोंगाटाचा हिशोब मागू लागली. न्यूयॉर्क शहराने 1929 मध्ये यासाठी एक आयोगच नेमला आणि मोटारीत यंत्रे घालून रस्तोरस्तीचा आवाज मोजला. आपल्याकडे मुंबईत डॉ. यशवंत ओक यांनी 1980 च्या दशकात गोंगाटाविरुद्ध उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. 2000 साली देशभरासाठी नियम आले: वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, इस्पितळे आणि शाळा यांच्या शांतता क्षेत्रात दिवसा 50 आणि रात्री 40. मुंबईत सुमैरा अब्दुलाली यांनी स्वतः हातात यंत्र घेऊन सणासुदीचे आकडे टिपले. पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयाची मंडळी वर्षानुवर्षे विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्याच्या चौकाचौकांत आवाज मोजीत आली. 2022 साली त्यांची सरासरी शंभराच्या पलीकडे गेली होती. दिवाळीच्या फटाक्यांनाही 1999 पासून मर्यादा आहे: फुटल्या जागेपासून 4 मीटरवर आवाजाचे शिखर 145 डेसिबलच्या वर जाता कामा नये. अंगणात पोरे वात पेटवून चार मीटर तरी मागे सरतात का, हे आपण सारे जाणतोच.

एवढे वाचल्यावर मी मामांच्या प्रश्नाकडे वळलो. 1713 साली इटलीतल्या रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने कारागिरांच्या रोगांवरील आपल्या ग्रंथाची वाढविलेली आवृत्ती काढली. तीत व्हेनिसच्या तांबटांची हकीकत आहे. दिवसभर तांबे ठोकून त्यांचे कान जातात आणि म्हातारपणी ते ठार बहिरे होतात, असे त्याने लिहून ठेवले. हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे व्हेनिस आले नाही, मामांची आळी आली. एका वेळी दहा-बारा हातोडे ऐरणीवर पडत आणि आळीच्या तोंडाशीच बोलणे बंद होई. मठारकाम करताना मामा डोळ्यांनी कमी आणि कानांनी अधिक बघत. पत्रा कुठे जाड, कुठे पातळ, ते ठोक्यावरून ओळखीत. “भांडं बोलतं रे,” म्हणत. ज्या कानाच्या जोरावर त्यांनी संसार चालविला, तो कान त्या संसारानेच खर्ची घातला. आणि खर्च होताना तो दुखला नाही, हीच मोठी खोट! हात भाजला तर आपण मागे घेतो. कान जातो तेव्हा हाक देत नाही.

दिवाळी झाल्यावर मी मामांना एका दवाखान्यात नेऊन कान तपासविले. काचेच्या खोलीत बसवून त्यांच्या कानावर एकेक सूर सोडला गेला. ऐकू आला की बटण दाबायचे. तपासनीस मुलीने कागदावर ठिपके जोडले. खर्जाकडे रेघ बरी होती. चार हजार कंपनांपाशी ती घाटाच्या पायऱ्या उतरावी तशी थेट खाली गेली होती. मुलगी म्हणाली, “आजोबांना आवाज ऐकू येतो, शब्द ऐकू येत नाही.”

मग तिने उलगडा केला. अ, आ, ओ हे स्वर भरदार असतात, ते मामांना पोचतात. त, प, क, स, श, फ ही व्यंजने ज्या बारीक खुणांनी ओळखू येतात, त्या वरच्या कंपनांत असतात; तिथे मामांचा कान रिकामा. त्यामुळे ‘ताट’ आणि ‘पाट’ या दोहोंतून त्यांना फक्त ‘आट’ मिळते. पुढचे अक्षर ते अंदाजाने लावतात. पाटावर बसलेल्या माणसाने ‘पाट’ असा अंदाज केला, यात हसण्यासारखे काय होते?

आणि बॉम्ब? कानाच्या शंखात हजारो सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. त्यांतल्या बऱ्याचशा मंद आवाज वाढवून घेण्याचे काम करतात. गोंगाटाने आधी त्याच मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. मंद आवाज वाढविणारे गेले. मोठा आवाज मात्र होता तेवढाच आत शिरतो. म्हणून अशा माणसाच्या बाबतीत ‘ऐकूच येत नाही’ आणि ‘सहन होत नाही’ यांतले अंतर फार थोडे उरते. हळू बोलले तर नाही, मोठ्याने बोलले तर दुखते. मामा चिडत होते ते खोटे नव्हते. सोयीचे ऐकत होते ते नव्हे. सोयीचे समजून घेत होतो ते आम्ही.

परतताना गाडीत मी म्हणालो, “मामा, चुकलो मी. तुमच्यावर उगीच ओरडत होतो.” मामा माझ्या तोंडाकडे बघत होते. म्हणाले, “आत्ता ओरडला नाहीस, तर कळलं बघ.”

यंदा भाऊबिजेला आईने आधी पंखा बंद करायला लावला, टीव्ही बंद केला. पोरांनी बॉम्ब आणले नाहीत. भुईनळे आणि फुलबाज्या आणल्या. आई मामांच्या समोर उजेडात बसली आणि सावकाश म्हणाली, “दादा, ताट.” मामांनी ताट दिले. कानात नवे यंत्र होते. ओवाळून झाल्यावर त्यांनी शेजारचा पाण्याचा तांब्या उचलला, रिकामा केला आणि नखाने त्यावर हलकेच टिचकी मारली. मान कलती करून थोडा वेळ ऐकले. पुन्हा मारली.

“बुडाशी जाड आहे,” ते म्हणाले. “बोलतोय.”